सदाशिव पेठेला नव्वदनं भागलं तर

मागच्या अंकात आम्ही सहज लिहून गेलो की मूळ संख्या शोधायला गणिताचं पुस्तक उघडायची गरज नाही, विजेचं बिल घ्या, गाडीचा नंबर घ्या, जे समोर दिसेल ते घ्या. वाचकांनी ते इतकं मनावर घेतलं की या महिन्यात पत्रांचा ढीग पडला आणि त्यातली निम्म्याच्या वर पत्रं पिनकोडवर. त्यामुळे या वेळी फक्त पिनकोड. गाडीच्या नंबरवाल्यांनी थोडी कळ काढावी.

प्रश्न : आमची चौथी पिढी सदाशिव पेठेत. भाचा कॅम्पात राहायला गेला, आणि भाऊबीजेला आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला, मामा, आमचा पिनकोड ४११००१ प्राइम आहे, तुमचा ४११०३० नाही. प्राइम म्हणजे मूळ संख्या एवढं मला कळतं, शाळेत शिकलोय, पण ज्या सुरात तो म्हणाला तो काही आवडला नाही. आमच्या नंबरात खरंच काही नाही का? एक किलो बाकरवडीची पैज लागलीय. (एक मामा, सदाशिव पेठ)

उत्तर : मामा, बाकरवडी आणून ठेवा. शेवटी शून्य आहे म्हणजे १० नं भाग जाणार, आणि ज्याला १० नं भाग जातो तो मूळ कुठून असणार. भाचा बरोबर आहे. पण पैज हरलात म्हणून पत्र घडी घालून ठेवू नका, कारण तुमच्या नंबराच्या पोटात जे निघालं ते बघून मी स्वतः दोनदा भागाकार तपासला.

कागद घ्या. ४११०३० चं शून्य काढा, उरले ४११०३. अंकांची बेरीज ४+१+१+०+३ = ९, म्हणजे ९ नं भाग जाणारच. भागा. ४५६७ येतात. चार-पाच-सहा-सात, ओळीनं! म्हणजे सदाशिव पेठ = ९० × ४५६७. मला वाटलं हे ४५६७ पुढे फुटेल कुठेतरी, ७ नं बघितलं, ११ नं, १३ नं, असं करत करत ६७ पर्यंत गेलो (६७ च्या पुढे जायची गरज नसते, का ते पुढच्या पत्रात सांगतो), आणि शेवटचा भागाकार ६७ × ६८ = ४५५६, बाकी ११. नाही फुटत. ४५६७ ही स्वतः मूळ संख्या आहे.

आणि गंमत अजून संपली नाही. ओळीनं चढत जाणारे चार अंक घेऊन ज्या संख्या होतात त्या मोजून सहा : १२३४, २३४५, ३४५६, ४५६७, ५६७८, ६७८९. तीन सम आहेत, त्या गेल्या. २३४५ ला ५ नं भाग जातो. ६७८९ च्या अंकांची बेरीज ३०, म्हणजे ३ नं भाग जातो. राहिली एकच, ४५६७. आख्ख्या यादीत मूळ असलेली एकमेव, आणि ती तुमच्या पेठेत येऊन बसलीय. भाच्याला हे सांगा, बाकरवडी निदान अर्धा किलोवर यावी.

पूर्ण फोड अशी : ४११०३० = २ × ३ × ३ × ५ × ४५६७. यावरून एकूण विभाजक २४ निघतात. बारा म्हणजे ९० चे स्वतःचे विभाजक (१, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०) आणि दुसरे बारा म्हणजे तेच प्रत्येकी ४५६७ पट. आता मला आवडलेली गोष्ट : ९० आणि ४५६७ च्या मध्ये एकही विभाजक नाही. म्हणजे समजा तुमच्याकडे एक फुटी ४११०३० फरश्या आहेत आणि त्या सगळ्या वापरून तुम्हाला पूर्ण आयत फरसबंदी करायचीय, एकही तुकडा न पाडता, तर त्यातल्या त्यात रुंद आयत मिळेल तो ९० फूट रुंद आणि ४५६७ फूट लांब. साधारण १,४०० मीटर. याला अंगण म्हणत नाहीत, याला बोळ म्हणतात. सदाशिव पेठेचा नंबर आहे हे सांगायला अजून काय पाहिजे. (९० फूट रुंद बोळ सदाशिव पेठेत नाही हे मान्य, पण मुद्दा समजून घ्या.) कॅम्पवाल्या भाच्याला त्याच्या ४११००१ फरश्या द्या, त्याला एकच पर्याय, एक फूट रुंदीची सव्वाशे किलोमीटर लांब सरळ रांग. मूळ संख्या असण्याचा अर्थ हाच, बाकी काही नाही. कुणालाच वाटून देता येत नाही, त्यात एवढी ऐट कसली.

स्वतःला सोडून बाकीच्या २३ विभाजकांची बेरीज केली तर ६५७८८२ येते, म्हणजे खुद्द ४११०३० पेक्षा बरीच जास्त, अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात. पण यावर फुशारू नका. ६ नं भाग जाणारी ६ पेक्षा मोठी कुठलीही संख्या विपुलच असते.

एक खरं सांगून टाकतो. ४५६७ हे ओळीनं दिसणं हा आपल्या दहा बोटांचा प्रताप. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून ते अंक तसे दिसतात. आठ बोटांच्या माणसानं तीच संख्या लिहिली तर अंक वेगळे, ओळबीळ काही नाही. पण २ × ३ × ३ × ५ × एक मूळ संख्या, ही फोड मात्र त्याच्याकडेही तीच राहणार, चोवीस विभाजक तिथेही चोवीसच, आणि बोळ तिथेही तेवढाच लांब. मी म्हटलं कॉम्प्युटरच्या पद्धतीनं, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये लिहून बघू : ११००१००००१... नाही, चुकलं, घाईत एक शून्य जास्त पडलं. नीट लिहितो, ११००१०००१०११००१०११०. यातले एक मोजा. नऊ. दहाच्या पद्धतीत अंकांची बेरीज ९, दोनच्या पद्धतीतही ९, आणि संख्येला ९ नं भाग जातोच. योगायोगच आहे, पण छान आहे.

प्रश्न : शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो, औंधला राहतो. एवढी मोठी संख्या मूळ आहे की नाही हे मोबाईल न वापरता ठरवायचं तर किती भागाकार करावे लागतील? आणि जाता जाता, आमचा ४११००७ कसा आहे? (एक निवृत्त शिक्षक, औंध)

उत्तर : सर, तुम्हाला माहिती आहेच, बाकीच्यांसाठी लिहितो. एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल तर त्या दोघींपैकी एक तरी वर्गमूळाच्या आतच सापडणार. दोन्ही वर्गमूळापेक्षा मोठ्या असतील तर गुणाकार बाहेर जाईल ना. ४११००१ चं वर्गमूळ ६४१ च्या जरासं वर. म्हणजे ६४१ पर्यंतच बघायचं, आणि त्यातही फक्त मूळ संख्यांनी, कारण ६ नं भाग जाणार असेल तर २ नं आधीच गेला असता. ६४१ पर्यंत मूळ संख्या आहेत ११६. म्हणजे एकशे सोळा भागाकार.

मी केले. रविवारी, विजेच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सुरू केलं, ते पुरलं नाही म्हणून मग कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, घरात बोलणी खाल्ली, चहा दोनदा झाला. ३ आणि ११ चे तर अंकांवरूनच जातात. ७ ला बाकी ३, १३ ला बाकी ६, असं चाललेलं असतं आणि कंटाळा येतोय असं वाटेपर्यंत ८९ येतो. ८९ × ४६१८ = ४११००२. एकनं हुकलं! मग १३७. १३७ × ३००० = ४११०००. परत एकनं हुकलं, या वेळी दुसऱ्या बाजूनं. इथे माणूस थबकतो, आधीचा भागाकार परत तपासतो. पुढे ३१३ × १३१३ = ४१०९६९, बाकी ३२, याचा काही उपयोग नाही पण कागदावर दिसायला सुंदर दिसतं. आणि अगदी शेवटी ६४१, म्हणजे ६४१ × ६४१ = ४१०८८१, बाकी १२०. संपलं. कुणीही भागू शकलं नाही. कॅम्पातल्या भाच्याचा ४११००१ मूळ संख्या.

आता तुमचा ४११००७. याच्यासाठी परत ११६ भागाकार करायचे नाहीत, इथेच खरी मजा आहे. कॅलेंडरच्या पानावर प्रत्येक मूळ संख्येपुढे बाकी लिहून ठेवलीय ना, त्या प्रत्येक बाकीत ६ मिळवा. १३७ ला बाकी १ होती, आता ७. ८९ ला ८८ होती, ८८ + ६ = ९४, त्यातून ८९ वजा, उरले ५. कुठेतरी बरोबर शून्य आलं तर तुमचा नंबर फुटला. मी खाली उतरत गेलो, एकदाही शून्य नाही. सर, औंध मूळ आहे. विद्यापीठाचाही पिन तोच असल्यामुळे गणित विभागानं खूश व्हायला हरकत नाही.

मग काय, हाताला चाळाच लागला. ६ ऐवजी १० मिळवले, ४११०११, कसबा पेठ. मूळ! १२ मिळवले, ४११०१३, हडपसरचा मगरपट्ट्याकडचा भाग. तीही मूळ! दोघींमध्ये फक्त दोनचं अंतर, म्हणजे शाळेत आपण शिकवतो ती जोडमूळ संख्यांची जोडी, ३ आणि ५, ११ आणि १३ सारखी. शहराची सगळ्यात जुनी वस्ती आणि मगरपट्ट्याचे टॉवर, ही जोडी कुठल्याही मध्यस्थानं जुळवली नसती.

बघा, ४११००१ ते ४११०१३ मध्ये सम सोडा, ३ नं आणि ५ नं भाग जाणाऱ्या सोडा (खडकीचा ४११००३, शिवाजीनगरचा ४११००५ असे), तर उरतात चारच : १, ७, ११, १३ वाल्या. आणि चारही मूळ निघाल्या. चार लाखांच्या आसपास साधारण दर तेरा संख्यांमागे एक मूळ संख्या सापडते, इथे तेरात चार. मला वाटलं आता पुण्याची लॉटरीच लागली. पुढचा उमेदवार ४११०१७, पिंपरी. १६ मिळवत गेलो, २९ ला बाकी होती १३, तेरा अधिक सोळा एकोणतीस, झालं, शून्य. पिंपरीला माशी शिंकली. ४११०१७ = २९ × १४१७३.

प्रश्न : मागचा अंक वाचला. पिनकोड ही संख्या नाही, तो पत्ता आहे. त्याला भागणे, त्याचे विभाजक काढणे हा निव्वळ रिकामटेकडेपणा आहे. छापणार नाही माहीत आहे, तरी लिहितो. (एक स्पष्टवक्ता वाचक, नारायण पेठ)

उत्तर : छापलं. आणि साहेब, तुमचं म्हणणं निम्मं खरं आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्याकडचेच, केंद्रात दळणवळण खात्यात अधिकारी आणि वर संस्कृतचे मोठे पंडित. त्यात पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा, पहिले तीन मिळून ४११ म्हणजे पुण्याची टपाल छाननी, आणि शेवटचे तीन अंक म्हणजे तुमचं पोस्ट ऑफिस. म्हणजे ते तीन कप्पे शेजारी शेजारी ठेवलेत, त्यांची बेरीज-वजाबाकी करायला ते बनवलेलेच नाहीत. सदाशिव पेठेतून औंध वजा केलं तर २३ उरतात, त्या २३ ला काही अर्थ नाही, बसच्या तिकिटालाही उपयोग नाही.

पण सहा अंक एका ओळीत लिहिले की ती चार लाख अकरा हजार तीस ही संख्या झाली, तिला ४५६७ नं भाग जातो तो पोस्टमास्तरांना विचारून जात नाही. रिकामटेकडेपणा हा शब्द मात्र मान्य. तो आमच्या सदराचा पाया आहे.

प्रश्न : मी नववीत आहे, बावधनला राहतो. आम्हाला वर्गात ६१७४ ची गंमत दाखवली. मी घरी तीच रीत आजीच्या पिनकोडला लावली, ४११०३० ला, तर उत्तर थांबतच नाही. तेच तेच आकडे परत येतात. माझं काही चुकतंय का? (एक विद्यार्थी, बावधन)

उत्तर : तुझं काही चुकत नाहीये, उलट तू जे बघितलंस ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ज्यांना ६१७४ माहिती नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमानं लावून लहानात लहान, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर परत तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ वर येऊन माणूस थांबतो. आजीच्या पिनकोडच्या पोटातली ४५६७ च घे. ७६५४ – ४५६७ = ३०८७. मग ८७३० – ०३७८ = ८३५२. मग ८५३२ – २३५८ = ६१७४. तीन पायऱ्यांत पोचलो.

हे शोधलं दत्तात्रय रामचंद्र काप्रेकरांनी, १९४९ मध्ये. डहाणूला जन्म १९०५ चा, कॉलेज आपलं फर्ग्युसन, आणि नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तराची, १९६२ पर्यंत. कागद, पेन्सिल आणि आकड्यांचं वेड, एवढ्या भांडवलावर त्यांनी जे केलं त्यावर १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात लिहिलं आणि मग आपल्याकडच्या लोकांना ते माहीत झाले. नेहमीचंच.

आता तुझी सहा अंकी भानगड. मी पण करून बघितलं, तुझ्या वहीशी ताडून बघ :

४३११०० – ००११३४ = ४२९९६६
९९६६४२ – २४६६९९ = ७४९९४३
९९७४४३ – ३४४७९९ = ६५२६४४
६६५४४२ – २४४५६६ = ४२०८७६

इथपर्यंत सरळ. यापुढे ८५१७४२, मग ७५०८४३, मग ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि त्याच्या पुढे? परत ४२०८७६. सात आकड्यांचं रिंगण. लक्ष्मी रोडला पार्किंग शोधणाऱ्यासारखं, तीच दुकानं परत परत दिसतात पण थांबायला जागा नाही.

ते शेवटचं ६४२६५४ बघ, आणि वर तिसऱ्या ओळीतलं ६५२६४४ बघ. अंक तेच आहेत, ६, ६, ५, ४, ४, २, फक्त जागा बदललेल्या. या रीतीत जागेला किंमत नाही, म्हणून दोघांचा पुढचा मुक्काम एकच. म्हणजे आजीचा पिनकोड चौथ्या पायरीला रिंगणात शिरला. आणि कधीतरी परत यावंच लागणार होतं, कारण सहा अंकी संख्या कितीही म्हटल्या तरी मोजक्याच, नवीन नवीन किती दिवस निघणार. चार अंकांत सगळ्यांना मिळून एकच थांबा आहे, सहा अंकांत दोन थांबे आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि शिवाय हे एक रिंगण. पाच अंकांत तर थांबाच नाही, नुसती रिंगणं. चारचं इतकं नीटनेटकं का आणि पाचचं असं का, हे तू मोठा होऊन आम्हाला कळव.

वर सगळी उत्तरं ९ च्या पटीत आहेत हे लक्षात आलं का? अंक तेच, फक्त हलवलेले, त्यामुळे दोघांना ९ नं भागल्यावर बाकी सारखीच राहते आणि वजाबाकीत ती उडून जाते. वजाबाकी चुकलीय का हे तपासायला उपयोगी पडेल, परीक्षेत वापर, कुठून शिकलास ते सांगायची गरज नाही.

बावधनचा आहेस म्हणून काप्रेकरांची अजून एक युक्ती. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. तुझा पिन ४११०२१, अंकांची बेरीज ९. मिळव. ४११०३०! आजीचं घर. म्हणजे काप्रेकरांच्या भाषेत बावधन ही सदाशिव पेठेची जनक संख्या. आमच्या माहितीत लोक सदाशिव पेठेतून बावधनला राहायला जातात, गणितात उलटं झालंय. थांब, मागे जाऊ. बावधनची जनक ४११०१२, दापोडी. दापोडीची जनक ४११००३, खडकी. आता पुढे जाऊ. ४११०३० + ९ = ४११०३९, भोसरी. भोसरीच्या अंकांची बेरीज १८, म्हणून ४११०३९ + १८ = ४११०५७, हिंजवडी. खडकी, दापोडी, बावधन, सदाशिव पेठ, भोसरी, हिंजवडी. असा बसमार्ग कुणी आखला तर त्यात कोण बसेल माहीत नाही, पण अंकांनी तो आखून ठेवलाय.

प्रश्न : कोंढव्यात फ्लॅट बघतोय. मध्यस्थ म्हणतो की इथल्या पिनकोडची, ४११०४८ ची, बेरीज १८ आणि १ आणि ८ मिळून ९, फार शुभ नंबर आहे, असा नंबर पुण्यात मिळत नाही, म्हणून दर थोडा जास्त. गणिताच्या दृष्टीनं यात काही आहे का? मिस्टरांचा विश्वास बसत चाललाय. (एक वाचक, सध्या भाड्यानं कात्रजला)

उत्तर : ताई, मिस्टरांना हे वाचून दाखवा. अंकांची बेरीज करत करत शेवटी ९ येणं म्हणजे त्या संख्येला ९ नं भाग जाणं, यापलीकडे त्यात काही नाही. १०, १००, १००० यातल्या कुणालाही ९ नं भागलं की बाकी १ च राहते, म्हणून चार लाखातून ४ उरतात, अकरा हजारातून १ आणि १, चाळीसातून ४ आणि वरचे ८, आणि त्यांची बेरीज म्हणजेच बाकीची गोष्ट. दर नऊ संख्यांमागे एक अशी असतेच. पुण्यात मिळत नाही म्हणणाऱ्याला ही यादी द्या : खडकी, दापोडी, बावधन, सदाशिव पेठ, भोसरी, तुमचा कोंढवा, हिंजवडी. सातही ठिकाणी बेरीज ९ येते. सदाशिव पेठेत तर पहिल्या फटक्यात ९, १८ वरून वळसा नाही. त्यामुळे बेरजेचे पैसे देऊ नका. पाणी किती वेळ येतं ते विचारा, आणि पार्किंग कुणाच्या नावावर आहे ते.

पण तुमच्या नंबरात दुसरं एक आहे, आणि ते मध्यस्थाला माहीत नाही. वर बावधनच्या मुलाला जो बसमार्ग दिला तो भोसरीहून थेट हिंजवडीला गेला, बघितलंत का? मधला नऊचा पट ४११०४८ सुटला. मग मला शंका आली की कोंढव्याला येणारी बस कुठून निघते. म्हणजे अशी कुठली संख्या आहे की जिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली तर ४११०४८ येईल?

शोधणं अवघड नाही. तशी संख्या ९ च्या पटीतलीच असावी लागते, आणि एवढ्या लहान संख्यांत अंकांची बेरीज ४८ च्या वर जात नाही, त्यामुळे उमेदवार पाचच. भोसरी ४११०३९ ला ९ मिळवायला हवेत, तिच्याकडे आहेत १८. सदाशिव पेठेला १८ हवेत, आहेत ९. बावधनला २७ हवेत, आहेत ९. दापोडीला ३६ हवेत, आहेत ९. खडकीला ४५ हवेत, आहेत ९. पाचही नापास. ४११०४८ ला जनकच नाही. काप्रेकरांनी अशा संख्यांना नाव दिलं होतं, स्वयंभू.

हे कृपया मध्यस्थाला सांगू नका, नाहीतर दर अजून वाढवेल.